चिऱ्याच्या भिंतीला पोट आलंय? आधी पाण्याला वाट द्या

गणपतीला गावी पोचलात, कुलूप काढलं आणि मागच्या खोलीत पाय टाकल्या टाकल्या तो कुबट वास आला, भिंतीचा रंग पापुद्रे सुटून खाली पडलाय, जमिनीवर तांबड्या पाण्याचा ओघळ वाळून बसलाय, आणि नीट बघितलं तर भिंत मधेच जराशी आत फुगल्यासारखी वाटतेय. कोकणात चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचं घर असलेल्या निम्म्या लोकांना हे चित्र माहितीय. ज्यांच्या अंगावर हे काम पहिल्यांदाच पडलंय, म्हणजे आजोबा गेले, काका थकले आणि आता घर तुम्हीच बघायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचं घर कणकवलीच्या बाजूला, उतारावर. मागीलदारची जमीन घरापेक्षा उंच, आणि वर्षानुवर्षं तिकडे माती, पालापाचोळा, जुन्या कौलांचे तुकडे टाकून टाकून मागच्या भिंतीचा खालचा चार-साडेचार फूट भाग चक्क मातीआड गेलेला. म्हणजे ती भिंत घराची भिंत राहिलीच नव्हती, माती धरून ठेवणारा बांध झाली होती, आणि ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. ओल आली की आम्ही काय करायचो, तर आतून सिमेंटचा गिलावा, त्यात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड. दोन वर्षं लागोपाठ केलं. दुसऱ्या वर्षी तो अख्खा गिलावा भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा हातात आला, आणि मागे चिरा इतका भिजलेला की अंगठा दाबला तर पाणी दिसायचं. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं, त्याने भिंतीकडे बघितलंच नाही, सरळ मागीलदारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी अडवचा नाय, तेका वाट दिवची." पुढचं सगळं त्या एका वाक्याचाच पसारा आहे.

भिंत का फुगते, ते आधी समजून घ्या

जांभा हा भोकाभोकांचा दगड. खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण पाणी तो पिणारच. वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार, तोही तसाच, पाऊस पडला की पाणी त्यातून झिरपत खाली जातं, खाली जांभ्याखालच्या चिकण मातीचा थर लागला की तिथे अडतं आणि मग आडवं चालायला लागतं. म्हणून सड्याच्या पायथ्याला झरे फुटतात, आणि म्हणूनच पाऊस थांबून दोन दिवस झाले, बाहेर ऊन पडलं तरी तुमच्या मागच्या भिंतीतून पाणी येतच राहतं. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळा कुठेतरी जाणारच ना.

आता पाण्याच्या जोराचं बोलू. भिंतीमागची माती पाण्याने पूर्ण भरली की नुसत्या पाण्याचा दाब किती होतो? ६ फूट उंच आणि ३० फूट लांब भिंतीवर साधारण १५ टन. भरलेला डंपर भिंतीला टेकून उभा केल्यासारखं, आणि मातीचं वजन वेगळंच. यातली गंमत अशी की पाण्याची उंची निम्मी केली, ६ फुटाची ३ फूट, तर हा जोर निम्मा नाही, चौथ्या हिश्शावर येतो. त्यामुळे पाणी पूर्ण काढता नाही आलं तरी नुसती पातळी खाली आणली तर भिंतीचा जीव भांड्यात पडतो. गिलाव्याने यातलं काहीच होत नाही, उलट पाणी आत कोंडून बसतं आणि ओल अजून वर चढते. पाहिलंय मी ते, गुडघ्यापर्यंत असलेली ओल गिलाव्यानंतर कमरेपर्यंत आलेली.

पहिलं काम: घरात झोपायचं की नाही ते ठरवा

एक ओळंबा घ्या, नसेल तर दोरीला नट बांधा, भिंतीच्या वरच्या टोकाला धरून सोडा आणि दोरी ते भिंत अंतर वर, मधे, खाली असं मोजून लिहून ठेवा, तारखेसकट. इंचापेक्षा जास्त पोट आलं असेल, किंवा मधल्या उंचीवर आडवी लांब भेग असेल आणि त्यात बोटाचं पेर जात असेल, तर त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, सामान हलवा, आणि इंजिनिअरला दाखवा. उभी किंवा पायऱ्यांसारखी जाणारी बारीक भेग असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण तिच्यावर आडवी पेन्सिलची रेघ मारून ठेवा, आठ दिवसांनी रेघेची दोन टोकं एकमेकांपासून सरकली असतील तर भेग चालू आहे.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. घरामागे डोंगराचा चढ असेल आणि वरच्या बाजूला जमिनीला नवी भेग पडलीय, झाडं कललीत, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय किंवा एकाएकी बंद झालंय, यातलं काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि माणसं, गुरं घेऊन बाहेर पडा, सरपंच-तलाठ्याला कळवा. महाडजवळच्या तळियेला २२ जुलै २०२१ ला दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. तिथे चर आणि पाइप काही कामाचे नसतात.

पाऊस चालू असताना काय करायचं

भर पावसात भिंतीच्या बुडाशी खणायचं नाही. हे मी दोनदा लिहितोय असं समजा. ओली माती आणि ओली भिंत एकमेकांच्या आधाराने उभी असतात, तुम्ही बूड मोकळं केलंत की भिंत खड्ड्यात, आणि खड्ड्यात तुम्ही असाल.

करायचं ते वरच्या बाजूला. भिंतीपासून सहा-आठ फूट लांब, चढाच्या बाजूला, एक वीतभर खोल चर मारा आणि तो घराला वळसा घालून बाजूने खाली न्या. काढलेली माती चराच्या घराकडच्या बाजूला टाका म्हणजे छोटी वरंडी तयार होते. चर ते भिंत या पट्ट्यावर ताडपत्री किंवा काळं प्लास्टिक अंथरा, भिंतीकडची कड उंच, चराकडची खाली, कडांवर चिरे ठेवा. एवढ्यानेच आमच्याकडे आतलं पाणी दोन दिवसात निम्म्यावर आलं.

मग पागोळ्या. १००० चौरस फुटाचं छप्पर असेल आणि दिवसात १०० मिलिमीटर पडला, जुलैत त्यात विशेष काही नाही, तर छपरावरून सव्वानऊ हजार लिटर पाणी खाली येतं. दोन पाखी छप्पर असेल तर त्यातलं अर्धं मागीलदारी, बरोबर भिंतीच्या बुडात. पन्हळ नसेल तर तात्पुरतं म्हणून पत्र्याचा तुकडा वाकवून लावा, सहा इंची पाइप मधोमध उभा चिरून लावा, आमच्या आजीच्या वेळी पोफळीची पन्हळ असायची, तीही चालेल.

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे जिकडे माती नाही तिकडे, पाणी निघायची जुनी भोकं असतील तर सळीने मोकळी करा. समोर उभं राहून नको, बाजूला राहून. पहिल्यांदा लाल गढूळ पाणी येईल, थोड्या वेळाने निवळ यायला पाहिजे. तासाभरानेही गढूळच येत असेल तर मागची माती वाहून येतेय, भोकात नारळाच्या सोडणाचा बोळा सैलसर घाला, पाणी येईल माती अडेल. भिंतीला मोठं पोट असेल तर हातोडा, ड्रिल काही लावू नका.

कोणी काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकची भिंत बांधली असेल तर त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. त्या ब्लॉकच्या पोटातली भोकं एकावर एक येतात आणि त्यात पाणी विहिरीसारखं साठतं. सगळ्यात खालच्या थरात, प्रत्येक पोकळीला एक, असं अर्ध्या इंचाचं भोक पाडलं की पिचकारीसारखं पाणी येतं, येऊ द्या. पण उभ्या सळ्या आणि पोकळीत काँक्रीट न भरता असली भिंत चार-पाच फूट मातीला लावली असेल तर ती मुळातच चुकलीय, इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका.

पाणी नक्की कुठून येतंय?

हे पावसातच कळतं, म्हणून तेव्हाच बघून ठेवा, मे महिन्यात भिंत कोरडी असते आणि सगळे शहाणे असतात. सर पडल्यावर अर्ध्या तासात ओल वाढली तर छपराचं किंवा वरून वाहणारं पाणी. पाऊस थांबला तरी दिवसच्या दिवस चालू तर जमिनीच्या आतलं. फक्त वाऱ्याच्या बाजूची भिंत आणि तीही वरपासून ओली तर झड, म्हणजे वाऱ्याने आडवा मारणारा पाऊस, त्याला पडवी, झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या), हिरवी जाळी हे उपाय, चर खणून उपयोग नाही. वर्षभर बुडाशी हात-दोन हात ओल आणि पांढरा लोणा (क्षाराचा थर), तर खालून जमिनीतून वर चढणारी. शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा कागद आतून भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा, दोन दिवसांनी थेंब कागदाच्या मागे असतील तर भिंतीतून येतंय, पुढे असतील तर खोलीतलीच दमट हवा, खिडकी उघडा.

बुडाशी घुशीची बिळं आहेत का तेही बघा. घुशी पायाखालची माती उकरून टाकतात आणि पाणी त्या बिळातून सरळ आत येतं. खेकडेही भोकं करतात, पण २०१९ ला तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं होतं, त्यामुळे आता घराचं बिल त्यांच्या नावावर फाडायला मला तरी लाज वाटते.

खरं काम: दिवाळीनंतर

नोव्हेंबरपासून माती वाळायला लागते, काम करावं डिसेंबर ते मार्च. एप्रिल-मे वर टाकू नका, आंबा-काजूच्या दिवसात माणसं मिळत नाहीत आणि शिमग्याला तर विचारायचंच नाही.

आधी भिंतीमागचा भराव काढायचा. पूर्ण काढता आला, म्हणजे भिंत पुन्हा मोकळी झाली, तर याच्यासारखं सुख नाही, निम्मे प्रश्न तिथेच संपतात. नाही काढता येत, जागाच तशी आहे, तर मग चर आणि पाइप.

चर एका दमात अख्ख्या लांबीचा खणायचा नाही. पाच फुटाचा टप्पा खणा, पाइप-खडी भरा, मग पुढचा. पोट आलेली भिंत असेल तर आतून आधी टेकू द्या, फळी आडवी लावून तिला तिरके वासे. खोली किती, तर चराचा तळ आतल्या जमिनीच्या पातळीपेक्षा अर्धा-एक फूट खाली, पण पायाच्या बुडाच्या खाली अजिबात नाही. जुन्या घरांचा पाया कधी कधी दीड-दोन फूटच असतो, म्हणून एका कोपऱ्यात आधी छोटा खड्डा मारून पाया कुठे संपतो ते डोळ्यांनी बघा. पाच फुटापेक्षा खोल जायचं असेल तर कडा तिरक्या कापा, सरळ उभ्या ठेवू नका, माती अंगावर यायला सेकंद लागतो.

उतार हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग. १० फुटाला सव्वा इंच एवढा ढाळ पुरे, पण सलग पाहिजे. नजरेने होत नाही, उतारावर तर नजर हमखास फसवते. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, दर पाच फुटाला खुंटी मारा आणि खुंटीवर खूण करा. आमच्या गवंड्याने "दिसता ना सरळ" म्हणून नळी बाजूला ठेवली होती, मी हट्टाने लावली, तर मधे दोन इंचाचा खळगा निघाला. तिथे पाणी साठून बसलं असतं आणि बरोबर तिथेच भिंत पुन्हा ओली.

चराच्या तळाला आणि बाजूंना जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, भरपूर जास्त ठेवा म्हणजे वरून पाकिटासारखं दुमडता येईल. हे कापड पाणी सोडतं, माती धरून ठेवतं. गोणपाट वापरू नका, दोन पावसात कुजतं. त्यावर तीन-चार इंच २० मिलिमीटरची धुतलेली खडी, त्यावर ४ इंची भोकांचा पीव्हीसी पाइप. भोकं कुठल्या बाजूला? खाली. सगळ्यांना वाटतं वर, कारण पाणी वरून येतं. पण पाणी चरात खालून वर भरत येतं, आणि भोकं खाली असली तर पातळी पाइपच्या बुडाशीच अडते. पाइपवर आणि भिंतीलगत खडी भरत या, जमिनीच्या एक फूट खाली थांबा, कापड दुमडा, आणि वरचा फूटभर चिकण माती धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून), भिंतीपासून लांब उतार देऊन. ही माती टोपी आहे, पावसाचं पाणी सरळ खडीत घुसायला नको म्हणून. वरच्या टोकाला पाइपला एक उभा तुकडा जोडून झाकण लावा, पुढे कधी तुंबला तर तिथून पाण्याचा जोर मारता येतो.

पन्हळीचं पाणी या पाइपात सोडू नका! किती जणांनी हे केलंय म्हणून सांगू, "एवढा पाइप घातलाय तर त्यातच देऊ". म्हणजे छपरावरचे हजारो लिटर तुम्ही स्वतः भोकांच्या पाइपातून पायाला पाजता. छपराचं पाणी वेगळ्या, बिनभोकाच्या पाइपाने, किंवा वरून उघड्या गटाराने.

पाइपचं तोंड उतारावर खाली उघड्यावर निघालं पाहिजे, वहाळात किंवा स्वतःच्या परड्यात, आणि तोंडाला जाळी. शेजाऱ्याच्या कुंपणात काढू नका. आपल्याकडे बांधावरून आजोबांनी सुरू केलेले दावे नातू चालवतात, त्यात पाण्याची भर नको. वाट शेजाऱ्याच्या जमिनीतूनच असेल तर आधी बसून बोला, चहा घ्या, जमलं तर लिहून घ्या.

आता भिंत

एवढं झालं की भिंत महिनाभर वाळू द्या. मग हातोडीने ठोकून बघा, चांगला चिरा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजणारे खडूने खुणा करून ठेवा.

बदलायचे चिरे एका वेळी एकच, आणि शेजारशेजारचे लागोपाठ नाहीत. एक काढला, नवा बसवला, दोन-तीन दिवस गेले की त्याच्या शेजारचा. नवा चिरा खाणीतून कालच आलेला नको, तो उन्हावाऱ्यात काही आठवडे पडलेला असला पाहिजे. भोकात पांढरी-पिवळी माती भरलेला दिसला तर परत पाठवा, ती माती पावसात वितळते आणि चिऱ्याची चाळण होते. आयएस ३६२० या भारतीय मानकात चांगल्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं आहे. घरी करायचं तर कडक उन्हात चार-पाच दिवस वाळलेला चिरा वजन करा, २४ तास पिंपात बुडवा, पुन्हा वजन करा. २५ किलोचा चिरा २८ च्या वर गेला तर नको.

बसवायच्या आधी चिरा आणि खाच दोन्ही भिजवा, नाहीतर कोरडा चिरा मालातलं पाणी ओढून घेतो आणि माल नुसती वाळू होऊन राहतो. सिमेंटच्या बांधकामाला माल एकास सहा, म्हणजे एक सिमेंट, सहा वाळू. जुनी भिंत मातीत किंवा चुन्यात बांधलेली असेल तर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू, नुसतं कडक सिमेंट घातलं तर ते हलत नाही आणि बाजूचा जुना भाग फुटतो. बाकी सगळ्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, पाऊण इंच खोल खरवडून, धुऊन, पुन्हा भरा, आणि सात दिवस तरी पाणी मारा. काम करून माणसं मुंबईला परत गेली आणि पाणी मारायला कोणी नाही, हे आमच्याकडेच झालंय, त्या बाजूच्या दर्जा नखाने निघत होत्या.

मागे माती राहणारच असेल तर भिंतीत दोन इंची पाइपचे तुकडे घाला, दर पाच फुटाला एक, बाहेरच्या जमिनीपासून फूटभर उंचीवर, बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकलेले, आणि प्रत्येकाच्या मागे घमेलंभर खडी. ही भोकं घराच्या खोलीत उघडणार असतील तर मात्र घालू नका, तिथे मागचा चरच. अंगणातल्या बांधाला, गडग्याला (दगडी कुंपणाला) मात्र हवीतच. आणि रंगारी आला की त्याच्यावर लक्ष ठेवा, भोक दिसलं की पुट्टी भरायची त्यांना सवयच असते.

गिलावा? बाहेरून मी तरी करत नाही, चिरा उघडा आणि दर्जा भरलेल्या. आतून पाहिजेच तर चुन्याचा, म्हणजे भिंत श्वास घेते. प्लास्टिक पेंट नको.

पावसाआधी एकदा

मे अखेरीला, मृग लागायच्या आधी, दोनशे लिटरची तीन पिंपं भरा आणि भिंतीमागे वरच्या टोकाला हळूहळू ओता. टोपीची माती पाणी अडवेल, म्हणून झाकण काढून उभ्या तुकड्यातच सोडा. दोन-चार मिनिटांत खालच्या तोंडाला धार लागली पाहिजे. धार लागली पण ओतलेल्याच्या मानाने फारच कमी आली तर मधे कुठेतरी खळगा आहे किंवा जोड सुटलाय, आत्ताच उकरा, जुलैत जमणार नाही.

पहिल्या मोठ्या सरीला छत्री घेऊन मागीलदारी जाऊन उभे राहा. पहिला तास लाल पाणी येतं, मग निवळतं. आमच्या पाइपच्या तोंडात गेल्या जूनमध्ये एक मोठा बेडूक आरामात बसलेला होता, जाळी फाटली होती हे त्याच्यामुळे कळलं.